ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यान

ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यान : ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत कोरल समुद्रात पसरलेल्या प्रवाळभित्तींच्या व त्यांच्याशी निगडित परिसंस्थांच्या संरक्षणासाठी १९७५ च्या संघीय कायद्यान्वये निर्माण करण्यात आलेले संरक्षित क्षेत्र. क्षेत्रफळ सु. ३,४४,४०० चौ. किमी. म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या क्षेत्रफळापेक्षाही (३,०७,७१३ चौ. किमी.) अधिक. उत्तरेस केप यॉर्क द्वीपकल्पाच्या टोकापासून दक्षिणेस बंडाबर्ग शहराच्या थोडे उत्तरेपर्यंत त्याची लांबी सु. २,३०० किमी. भरते. ‘ग्रेट बॅरिअर रीफ’ हे नाव एकवचनी असले, तरी ती एक सलग भिंत नसून सु. २,९०० लहानमोठ्या प्रवाळभित्तींचा समूह आहे. त्यांच्या दरम्यान खोल पाण्याच्या वाटा, वालुकामय तळ, सागरी गवताची कुरणे व स्पंजांच्या वसाहती असून प्रत्यक्ष प्रवाळभित्तींनी उद्यानाचा केवळ सु. ७ टक्के भाग व्यापलेला आहे. कठीण प्रवाळांच्या सु. ४००, माशांच्या सु. १,५०० व मृदुकाय प्राण्यांच्या सु. ४,००० जाती येथे आढळतात. ड्यूगाँग (सागरी गाय) व हिरवे समुद्रकासव यांची जगातील मोठी आश्रयस्थाने या क्षेत्रात आहेत. उद्यानाचा कारभार टाउन्सव्हिल येथे मुख्यालय असलेल्या एका वैधानिक प्राधिकरणाकडे आहे.

सागरी संरक्षित क्षेत्रांच्या इतिहासात या उद्यानाला जे स्थान आहे, ते केवळ त्याच्या विस्तारामुळे नव्हे. राष्ट्रीय उद्यानाची कल्पना जमिनीवर जन्मास आली. कुंपण घालावे, सीमेवर खुणा रोवाव्यात आणि आत माणसाचा वावर मर्यादित करावा, असे तिचे मूळ स्वरूप. समुद्राच्या बाबतीत यांपैकी काहीच सहजासहजी लागू पडत नाही. पाणी सीमा मानत नाही, माशांची अंडी व प्रवाळांच्या अळ्या प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातात, आणि समुद्रावर परंपरेने कोणा एकाची मालकी नसते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ साली फोर्ट जेफर्सन या सागरी दुर्गाभोवतालच्या जलक्षेत्रास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता. १९६२ साली सिॲटल येथे भरलेल्या पहिल्या जागतिक राष्ट्रीय उद्यान परिषदेने किनारी देशांना सागरी उद्याने स्थापण्याचे आवाहनही केले होते. तथापि एका संपूर्ण सागरी प्रदेशाचा, त्यातील मासेमारी, नौकानयन व पर्यटन यांसह, एकाच योजनेखाली विचार करण्याचा पहिला मोठा प्रयोग क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर झाला. तो योजनाबद्ध रीतीने सुरू झाला असे मात्र म्हणता येत नाही. उसाच्या शेतासाठी लागणाऱ्या चुन्यावरून उद्‌भवलेल्या एका स्थानिक तंट्यातून त्याला चालना मिळाली.

पूर्वेतिहास : आज दिसणारी भित्ती गेल्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढत जाऊन किनारी मैदान पाण्याखाली गेल्यावर, जुन्या चुनखडकी उंचवट्यांवर वाढलेली आहे. हे मैदान बुडण्यापूर्वी त्यावर माणसांची वस्ती होती. या किनाऱ्यावरील आदिवासी व टॉरस सामुद्रधुनीतील द्वीपवासी यांच्या सत्तरांहून अधिक समूहांचे येथील पाण्याशी परंपरागत हक्कसंबंध आहेत. त्यांच्या दृष्टीने समुद्र हाही त्यांच्या ‘भूमी’चाच भाग होय. कासव व ड्यूगाँग यांची शिकार कोणी, केव्हा व कोठे करावी, यांविषयी त्यांच्यात निर्बंध होते. सागरी संरक्षण ही कल्पना विसाव्या शतकात येथे प्रथमच आली, असे मानणे त्यामुळे बरोबर नाही.

यूरोपीयांना या भित्तीची ओळख अपघातानेच झाली. जेम्स कुक याचे ‘एंडेव्हर’ हे जहाज ११ जून १७७० च्या रात्री एका भित्तीवर आदळले. तोफा व इतर जड सामान समुद्रात टाकून ते कसेबसे तरते करण्यात आले आणि आजच्या कुकटाउन येथील नदीमुखात त्याची दुरुस्ती झाली. पुढे १८०२ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स याने या भित्तींतून वाट काढली. ‘ग्रेट बॅरिअर’ हे नाव त्याच्याच लेखनातून रूढ झाले. एकोणिसाव्या शतकात ‘फ्लाय’ वगैरे जहाजांनी केलेल्या सर्वेक्षणांमुळे नौकानयन काहीसे सुरक्षित झाले व त्यापाठोपाठ व्यापारी आले. सागरी काकडी, मोत्याचे शिंपले व ट्रोकस शंख यांचा उपसा सुरू झाला. लेडी एलियट व रेन यांसारख्या बेटांवरील पक्ष्यांच्या विष्ठेचे थर खतासाठी खरवडून नेण्यात आले. १९२० च्या दशकात हेरन बेटावर कासवांच्या मांसाचे सूप डबाबंद करण्याचा कारखाना चालू होता. अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येणाऱ्या माद्याच त्यासाठी पकडल्या जात. क्वीन्सलंडमध्ये सर्व जातींच्या समुद्रकासवांना संरक्षण मिळण्यास १९६८ साल उजाडावे लागले.

याच काळात शास्त्रीय अभ्यासाचाही पाया घातला गेला. विल्यम सॅव्हिल-केंट याचा छायाचित्रांनी समृद्ध ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भूविज्ञानाचे प्राध्यापक हेन्री रिचर्ड्स आणि क्वीन्सलंडचे राज्यपाल सर मॅथ्यू नेथन यांच्या पुढाकाराने १९२२ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ समिती स्थापन झाली. या समितीच्या सहकार्याने १९२८-२९ मध्ये चार्ल्स मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या ब्रिटिश मोहिमेने लो आइल्स या छोट्या बेटांवर वर्षभर मुक्काम केला. प्रवाळप्राणी व त्यांच्या ऊतकांत राहणारी सूक्ष्म शैवले यांचे परस्परसंबंध, प्रवाळांचे पोषण व वाढ यांविषयीचे या मोहिमेचे संशोधन पुढील कित्येक दशके प्रमाणभूत राहिले. तरीही भित्ती नष्ट होऊ शकेल, ही शंका फारशी कोणास शिवली नव्हती. एवढ्या अफाट वस्तूला माणूस काय धक्का लावणार, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

एलिसन रीफचा दावा : १९६७ साली एका ऊस उत्पादकाने किनाऱ्यापासून काही अंतरावरील एलिसन रीफ या भित्तीतील प्रवाळ खणून काढण्याचा परवाना मागितला. उसाच्या आम्लधर्मी जमिनीस चुना लागतो आणि तो प्रवाळांपासून स्वस्तात मिळाला असता. ही भित्ती ‘मृत’ आहे, म्हणून तिच्या खोदकामाने कशाचेच नुकसान होणार नाही, असा अर्जदाराचा युक्तिवाद होता. जवळच बिंगिल बे येथे राहणारे चित्रकार जॉन ब्यूस्ट यांच्या दृष्टीस ही सूचना पडली व त्यांनी हरकत नोंदविली. त्यांच्या मदतीस कवयित्री ज्यूडिथ राइट व वनपरिस्थितिविज्ञ लेन वेब हे आले. राइट या १९६२ मध्ये स्थापन झालेल्या क्वीन्सलंड वन्यजीव संरक्षण संस्थेच्या संस्थापकांपैकी एक व तिच्या अध्यक्षा होत्या. एक चित्रकार, एक कवयित्री व एक वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी आरंभिलेल्या या लढ्यात सागरी जीववैज्ञानिक प्रारंभी फारसे नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रेट बॅरिअर रीफ समितीचा कल नियंत्रित उपयोगास हरकत न घेण्याकडे होता. ज्या संस्थेकडे भित्तीविषयीचे सर्वांत अधिक ज्ञान होते, तिचा आधार अशा रीतीने संरक्षणवाद्यांना वेळेवर मिळाला नाही.

प्रकरण इनिसफेल येथील खाण-अधिकाऱ्याच्या न्यायालयात आले. ‘मृत भित्ती’ हा दावा खोडून काढणे हा मुख्य प्रश्न होता आणि तेथील पाण्याखाली काय आहे, याची नोंद कोणाकडेच नव्हती. ब्रिस्बेन येथील क्वीन्सलंड लिटोरल सोसायटी या तरुण पाणबुड्यांच्या व विद्यार्थ्यांच्या संस्थेने हे काम अंगावर घेतले. एडी हेगर्ल व त्यांचे सहकारी तुटपुंज्या साधनांनिशी एलिसन रीफवर गेले, त्यांनी पाण्याखाली बुड्या मारून जिवंत प्रवाळांची, माशांची व मृदुकाय प्राण्यांची जंत्री तयार केली. वादळाने किंवा अन्य कारणाने प्रवाळांचा एखादा भाग मेला, तरी त्याच्या सांगाड्यावर शैवले, कृमी, कवचधारी प्राणी व नवे प्रवाळ यांची वस्ती होत राहते. म्हणून भित्तीचा मेलेला भागही जिवंत परिसंस्थेचाच घटक असतो, हा मुद्दा साक्षीत मांडण्यात आला. एका भागातील खोदकामाने उठणारा गाळ प्रवाहाबरोबर शेजारच्या भित्तींवर बसेल, हेही दाखवून देण्यात आले. न्यायालयाने अर्ज नामंजूर करण्याची शिफारस केली व १९६८ मध्ये तो फेटाळला गेला. दावा लहान होता, परंतु त्यातील तत्त्व मोठे होते. भित्ती ही सुट्या दगडांची रास नसून परस्परावलंबी एकक आहे, हे त्यात प्रथमच एका न्यायासनापुढे मान्य झाले. एलिसन रीफवर परवाना दिला गेला असता, तर पुढील प्रत्येक अर्जास तोच दाखला मिळाला असता.

तेलाचा प्रश्न : चुन्याचा तंटा चालू असतानाच, क्वीन्सलंड शासनाने भित्तीचे जवळजवळ सर्व क्षेत्र खनिज तेलाच्या शोधासाठी परवान्यांखाली दिले असल्याचे स्पष्ट होत गेले. राज्याच्या निमंत्रणावरून १९६८ मध्ये आलेले अमेरिकी भूवैज्ञानिक हॅरी लॅड यांनी अल्पकाळाच्या पाहणीनंतर दिलेला अहवाल भित्तीचा काही भाग उपयोगात आणण्यास अनुकूल होता. त्याच वर्षी राज्याचे मुख्यमंत्री झालेले जो ब्येल्के-पीटरसन हे तेलशोधनाचे खंदे पुरस्कर्ते होते. तेलशोधक कंपन्यांचे भाग स्वतः त्यांच्या नावे असल्याचे उघडकीस आल्यामुळे त्यांच्यावर कडक टीका झाली.

लोकमत बदलण्यास दूरदेशींच्या दोन दुर्घटना कारण झाल्या. मार्च १९६७ मध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्‍लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ फुटले आणि जानेवारी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सँता बार्बरा येथे समुद्रातील तेलविहीर अनावर झाली. तेलाने माखलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे ऑस्ट्रेलियन घरांत पोहोचली. भित्तीचे रक्षण करा, असे सांगणाऱ्या चिठ्ठ्या मोटारींवर झळकू लागल्या. अशा वेळी ॲम्पोल ही ऑस्ट्रेलियन व जॅपेक्स ही जपानी कंपनी मॅके शहराजवळच्या रिपल्स उपसागरात विहीर खणण्याच्या तयारीत होत्या व त्यासाठी तरती खणनयंत्रणा आणविली जात होती. जानेवारी १९७० मध्ये कामगार संघटनांनी या खणनकामावर बहिष्कार जाहीर केला. संबंधित यंत्रणेस माल, मनुष्यबळ वा सेवा पुरविण्यास कामगारांनीच नकार दिल्यावर कायदेशीर परवाना हाती असूनही काम पुढे जाईना. ॲम्पोलने ते स्थगित केले. निसर्गरक्षणासाठी कामगार चळवळीने आपले हत्यार वापरल्याचे हे जगातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ३ मार्च १९७० रोजी, टॉरस सामुद्रधुनीत ‘ओशनिक ग्रँजर’ हे तेलवाहू जहाज नकाशावर न दाखविलेल्या खडकावर आदळले व त्यातून तेल गळले. परदेशातील दुर्घटना येथे घडणार नाही, हा युक्तिवाद त्यामुळे आपोआपच निकालात निघाला.

संघ व राज्य शासनांनी मिळून १९७० मध्ये तेल-खणनाच्या चौकशीसाठी राजनियुक्त आयोग नेमला. त्याचे कामकाज जवळजवळ चार वर्षे चालले व अहवाल १९७४ मध्ये सादर झाला. आयोगात एकमत झाले नाही. काही भागांत, कडक अटींवर, खणनास परवानगी देता येईल, असे दोन सदस्यांचे मत पडले. अध्यक्षांनी मात्र संशोधनाचे निष्कर्ष हाती येईपर्यंत सर्व खणन पुढे ढकलावे असे मत नोंदविले. परंतु तोपर्यंत प्रश्नाचे स्वरूपच पालटले होते. खणनास परवानगी द्यावी की नाही, यापेक्षा ती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद अग्रभागी आला होता. जॉन ब्यूस्ट हे १९७१ मध्येच निवर्तले. त्यांना याचा शेवट पाहता आला नाही. ज्यूडिथ राइट यांनी या सर्व लढ्याचा वृत्तांत पुढे १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

समुद्र कोणाचा : ऑस्ट्रेलियात भूमी व खनिजे हा राज्यांचा विषय असून, किनाऱ्यापासून पुढचा समुद्रतळही आपलाच, असा राज्यांचा दावा होता. पंतप्रधान जॉन गॉर्टन यांनी १९७० मध्ये समुद्रतळावर संघसत्ता प्रस्थापित करण्यासाठी विधेयक आणले, त्यावरून स्वपक्षातच असंतोष माजला व पुढील वर्षी त्यांची सत्ता गेली. डिसेंबर १९७२ मध्ये आलेल्या गॉफ व्हिटलम यांच्या मजूर पक्षीय शासनाने १९७३ मध्ये समुद्र व समुद्रतळ यांविषयीचा कायदा संमत करून घेतला. राज्यांनी त्यास उच्च न्यायालयात आव्हान दिले. हा दावा प्रलंबित असतानाच, जून १९७५ मध्ये, सागरी उद्यानाचा कायदा झाला. त्यास विरोधी पक्षानेही पाठिंबा दिला. नोव्हेंबर १९७५ मध्ये व्हिटलम शासन बडतर्फ झाले व पुढच्याच महिन्यात न्यायालयाने समुद्रावरील संघसत्ता वैध ठरविली. ज्या शासनाने कायदा केला, ते निकाल ऐकण्यास सत्तेवर उरले नव्हते.

कायद्याने उद्यान एकदम अस्तित्वात आले नाही. त्याने फक्त ‘प्रदेश’ निश्चित केला, प्राधिकरण स्थापिले आणि या प्रदेशातील निरनिराळे भाग टप्प्याटप्प्याने उद्यान म्हणून घोषित करण्याची तरतूद केली. उद्यानात खाणकाम व तेल-खणन यांस बंदी झाली. पण जो भाग अद्याप घोषित नाही त्यास ही बंदी लागू नव्हती. त्यामुळे चार वर्षे गेली तरी एकही भाग घोषित होत नाही, याबद्दल टीका सुरू झाली. अखेर १९७९ मध्ये पंतप्रधान माल्कम फ्रेझर व ब्येल्के-पीटरसन यांच्यात एमरल्ड येथे समझोता होऊन दैनंदिन व्यवस्थापनात राज्याचा सहभाग मान्य झाला आणि त्याच वर्षी दक्षिणेकडील कॅप्रिकॉर्निया हा पहिला विभाग घोषित झाला. १९८१ मध्ये भित्तीचा जागतिक वारसा सूचीत समावेश करण्यात आला. उर्वरित विभागांची घोषणा व क्षेत्रविभागणी १९८० च्या दशकात पूर्ण होत गेली. राज्याच्या मालकीची बेटे, अंतर्गत जलक्षेत्र व बंदरे या उद्यानाबाहेर राहिली. भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठी राज्याचे स्वतंत्र सागरी उद्यान आहे. अशा दुहेरी सत्तेत कारभार चालविणे किचकट ठरते. तरीही ही व्यवस्था टिकली याचे श्रेय १९७९ च्या समझोत्यास द्यावे लागेल.

क्षेत्रविभागणी : उद्यानाची खरी नवलाई त्याच्या व्यवस्थापनपद्धतीत आहे. संपूर्ण क्षेत्र बंद करण्याऐवजी त्याचे पट्टे पाडण्यात आले व नकाशावर त्यांना रंग देण्यात आले. फिकट निळ्या, म्हणजे सर्वसाधारण उपयोगाच्या पट्ट्यात तळ खरवडणाऱ्या ओढजाळ्यांची मासेमारीही चालते. गडद निळ्या पट्ट्यात ती निषिद्ध, पण गळ व इतर साधनांनी मासेमारीस मुभा. पिवळ्या पट्ट्यात अल्प प्रमाणात मासेमारी. हिरव्या पट्ट्यात पोहणे, नौकाविहार व पाहणे यांस परवानगी, परंतु मासा पकडण्यास मनाई. आणि गुलाबी पट्ट्यात विशेष लेखी अनुज्ञेशिवाय प्रवेशच नाही. शास्त्रीय संशोधनासाठी नारिंगी पट्टे राखून ठेवलेले आहेत. बोटीतील सामान्य मच्छीमारालाही नकाशा पाहून आपण कोठे आहोत व काय करू शकतो, हे कळावे हा या रंगांमागील हेतू. प्रत्येक आराखड्यापूर्वी लोकांकडून दोन वेळा लेखी मते मागविण्याची सक्ती कायद्यातच होती. १९७९ ते १९९४ या काळात प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेले ग्रेम केलहर यांनी ही पद्धत स्थिर केली व नंतर आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या कार्यातून ती इतर देशांपर्यंत पोहोचविली.

पहिल्या आराखड्यांत एक उणीव राहून गेली होती. मासेमारीस पूर्ण बंदी असलेले हिरवे व गुलाबी पट्टे एकूण क्षेत्राच्या केवळ सु. ४·५ टक्के होते आणि त्यांतही रम्य, पर्यटकप्रिय प्रवाळभित्तींचाच भरणा होता. वालुकामय तळ, सागरी गवत, खोल पाण्यातील दऱ्या यांना जवळजवळ संरक्षण नव्हते. डोळ्यांत भरते त्याचेच रक्षण करावे, हा मानवी स्वभाव येथेही दिसून येतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या कार्यक्रमात संपूर्ण क्षेत्राचे ७० जैवप्रदेश पाडण्यात आले आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग मासेमारीपासून मुक्त ठेवावा असे ठरले. आराखड्यावर जनतेकडून ३१,००० हून अधिक लेखी निवेदने आली. मच्छीमार गावांत संतप्त सभा झाल्या. १ जुलै २००४ पासून नवी विभागणी अंमलात आली व मासेमारीबंद क्षेत्र सु. ३३ टक्क्यांवर गेले. विस्थापित मच्छीमार, मासे-व्यापारी व नौका-दुरुस्तीचे कारखानदार यांना भरपाई देण्यात आली. तिचा प्रारंभिक अंदाज फारच कमी होता. प्रत्यक्षात खर्च २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक झाला. हा आकडा उद्यानाच्या गौरवपर वर्णनांत सहसा येत नाही; परंतु तो उचलण्याची शासनाची ऐपत नसती, तर विभागणी कागदावरच राहण्याचा संभव होता.

या बंदीचा परिणाम मोजण्यात आला आहे. हिरव्या पट्ट्यांतील कोरल ट्राउट या बहुमोल माशांची संख्या दोन वर्षांतच लक्षणीय वाढली. केपल बेटांच्या परिसरातील माशांच्या पिलांचे जनुकीय पालकत्व तपासून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की तेथील भित्तीक्षेत्राच्या सु. २८ टक्के भागात असलेल्या राखीव पट्ट्यांतून दोन महत्त्वाच्या जातींची जवळजवळ निम्मी पिले येतात व ती मासेमारीच्या क्षेत्रातही जाऊन स्थिरावतात. बंद ठेवलेले पाणी खुल्या पाण्यास बियाणे पुरविते, या मच्छीमारांना पटवून देण्यास अवघड अशा विधानाला त्यामुळे पुरावा मिळाला.

जहाजवाहतुकीच्या बाबतीत १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या प्रदेशास विशेष संवेदनशील सागरी क्षेत्राचा दर्जा दिला. असा दर्जा मिळालेले हे जगातील पहिले क्षेत्र. पुढच्या वर्षापासून ठराविक मार्गांवर वाटाड्या-कप्तान घेणे जहाजांना सक्तीचे झाले. तरीही ३ एप्रिल २०१० रोजी ‘शेन नेंग १’ हे कोळसावाहू जहाज नियत मार्ग सोडून डग्लस शोल या उथळ भागावर चढले व सु. ३ किमी. लांबीचा चर पाडून गेले. मूळ रहिवाशांच्या हक्कांना कायद्याने मान्यता मिळण्यास मात्र विलंब लागला. टॉरस सामुद्रधुनीतील मरी बेटाच्या प्रकरणी १९९२ मध्ये उच्च न्यायालयाने परंपरागत भूमिहक्क प्रथम मान्य केले. सागरी साधनसंपत्तीच्या परंपरागत उपयोगाविषयी या समूहांशी प्राधिकरणाचे करार २००५ पासून होऊ लागले आणि त्यान्वये काही समूहांनी कासव व ड्यूगाँग यांची शिकार स्वतःहून मर्यादित केली किंवा थांबविली.

सीमेबाहेरील संकटे : उद्यानाच्या कक्षेत येत नाहीत अशाच कारणांनी भित्तीची अधिक हानी झाली आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ग्रीन बेटाजवळ काटेरी तारामाशाची, म्हणजे ‘क्राउन-ऑफ-थॉर्न्स’ या प्रवाळभक्षक जातीची प्रचंड वाढ प्रथम नजरेस आली. प्राणिवैज्ञानिक रॉबर्ट एंडीन यांनी त्याचे कारण या तारामाशाला खाणाऱ्या मोठ्या ट्रायटन शंखांची बेसुमार वेचणी हे सांगितले. पुढील संशोधकांनी शेतांतून वाहून येणाऱ्या नायट्रोजनयुक्त खतांकडे बोट दाखविले. खतांमुळे सूक्ष्म वनस्पती वाढतात व त्यांवर तारामाशाच्या अळ्या पोसल्या जातात. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. कदाचित दोन्ही कारणे एकत्र येत असावीत. तारामाशाचे असे उद्रेक काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा झाले आहेत. नद्यांतून येणारा गाळ, खते व कीटकनाशके ही उसाच्या व गुरांच्या प्रदेशाची देणगी असून प्राधिकरणाची सत्ता मात्र समुद्राच्या कडेशी संपते. २००३ पासून संघ व राज्य यांनी पाण्याच्या गुणवत्तेसाठी संयुक्त योजना आखल्या, परंतु ठरविलेली उद्दिष्टे वेळोवेळी हुकली. बंदरांच्या खोदकामातील गाळ उद्यानात टाकण्यावरून २०१४ मध्ये मोठा वाद झाला व २०१५ मध्ये त्यास बंदी करण्यात आली.

याहून गंभीर संकट पाण्याच्या तापमानवाढीचे आहे. पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या ऊतकांतील शैवलांना बाहेर टाकतात व पांढरे पडतात. उष्णता ओसरली नाही, तर ते उपासमारीने मरतात. असे व्यापक विरंजन येथे १९९८ व २००२ मध्ये झाले आणि पुढे २०१६, २०१७, २०२०, २०२२ व २०२४ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. २०१६ मध्ये एकाच उन्हाळ्यात उथळ पाण्यातील सु. ३० टक्के प्रवाळ मृत झाले. सर्वांत अधिक हानी मानवी वस्तीपासून दूर व म्हणून सर्वांत निर्मळ समजल्या जाणाऱ्या उत्तर भागात झाली. टेरी ह्यूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई पाहणीवरून दाखवून दिले, की मासेमारीबंद पट्टे व खुले पट्टे यांतील प्रवाळ सारख्याच प्रमाणात पांढरे पडले. स्वच्छ पाण्यानेही फरक पडला नाही. राखीव क्षेत्राचा उपयोग उष्णता टाळण्यास होत नाही, तो त्यानंतर भित्ती सावरण्यास होऊ शकतो. परंतु दोन तडाख्यांतील अंतर दशकाहून घटून वर्षा-दोन वर्षांवर आल्यावर सावरण्यास अवधीच उरत नाही.

ऑस्ट्रेलियन सागरी विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून चालविलेल्या दीर्घकालीन पाहणीत हे चित्र सरळ उताराचे दिसत नाही. २०२२ मध्ये उत्तर व मध्य भागांतील कठीण प्रवाळांचे आच्छादन या पाहणीच्या आरंभापासून सर्वाधिक आढळले. ही वाढ मुख्यतः ॲक्रोपोरा या झपाट्याने वाढणाऱ्या प्रजातीची होती. वादळ, तारामासा व उष्णता या तिन्हींना तीच लवकर बळी पडते. २०२४ च्या विरंजनानंतर २०२५ मध्ये नोंदविलेली उत्तर व दक्षिण भागांतील वार्षिक घट या पाहणीतील सर्वांत मोठी ठरली. कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी प्रसिद्ध होणाऱ्या अहवालांत प्राधिकरणाने २००९ व २०१४ मध्ये भित्तीचे भवितव्य ‘वाईट’ व २०१९ मध्ये ‘अतिशय वाईट’ असे नोंदविले. युनेस्कोच्या वारसा समितीपुढे भित्तीस ‘संकटग्रस्त’ सूचीत घालण्याचा प्रश्न २०२१ मध्ये आला असता ऑस्ट्रेलियन शासनाने त्यास जोरदार विरोध केला व निर्णय पुढे ढकलण्यात आला. स्वतःच्याच प्राधिकरणाचे निदान आंतरराष्ट्रीय समितीने उच्चारू नये, अशी ही काहीशी विचित्र भूमिका होती. भित्तीजवळच्या बंदरांतून कोळशाची निर्यात चालूच असून तिचा मार्ग या उद्यानातूनच जातो.